कपाटातील जर्मन तोफ

दिवाळीच्या आठवड्यात वाशीतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत अजूनही मातीचे किल्ले उभे राहतात. विटांचे तुकडे, जुनी पोती, चिखल, त्यावर पेरलेले अळीव, कुंभाराकडून आणलेले मावळे आणि बुरुजावर एखादी मातीचीच तोफ, असा सारा सरंजाम असतो. सुटी संपली की किल्ला ढासळतो आणि मावळे पुढल्या वर्षापर्यंत खोक्यात जातात. याच इमारतींतील काही घरांत, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, दुसऱ्याच जातीची एक तोफ दिसते. ती ढासळत नाही. ती प्लॅस्टिकची असते, मूळ तोफेच्या पस्तिसाव्या हिश्शाची असते, तिची चाके, ढाल, नळी, नेम धरण्याचे यंत्र असे शंभरएक तुकडे कोणीतरी रात्री जागून चिकटविलेले असतात. आणि ती बहुधा जर्मन असते, दुसऱ्या महायुद्धातील.

हा छंद थोड्यांचा आहे हे खरे. परंतु तो उपेक्षणीय नाही. अकरावी-बारावीतील मुलगा, अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी, बँकेतील एखादा लेखनिक, क्वचित चित्रकलेचा शिक्षक अशी ही मंडळी. त्यांच्या खिशात पैसे बेताचे असतात आणि समोर खोकी पुष्कळ. पंचाहत्तर मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ घ्यावी, की एकशेपाच मिलिमीटरची हॉवित्झर, की सर्वांच्या तोंडी असलेली अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची, हा त्यांच्यापुढील प्रश्न. मर्यादित साधने आणि अमर्याद इच्छा यांचा मेळ घालणे म्हणजे अर्थशास्त्र, अशी व्याख्या वर्गात फळ्यावर लिहून दिली जाते. तिचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडावयाचे नाही. तेव्हा ही निवड कशी होते, ती कोण ठरवितो आणि तीत काय धरले जात नाही, याचा विचार केल्यास वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.

प्रथम व्यवहाराची बाजू. तोफेची किट मुख्यतः तीन प्रमाणांत मिळतात: एकास पस्तीस, एकास बहात्तर आणि एकास शहात्तर. या आकड्यांमागे तर्कशास्त्र शोधू नये. शहात्तरचे प्रमाण इंग्लंडातील खेळण्यातल्या आगगाड्यांवरून आले. पस्तीसचे प्रमाण जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्यामुळे रूढ झाले, आणि तो रणगाडा त्या आकाराचा झाला तो पोटात मोटर व बॅटरी मावावी म्हणून. एकदा रूढ झालेले माप मग जगभर चालू राहिले. जर्मन सैन्याची जी मुख्य हॉवित्झर, दहा पूर्णांक पाच सेंटिमीटरची 'लाइट फील्ड हॉवित्झर १८', ती ओढून नेण्याच्या स्थितीत सुमारे सहा मीटर लांब होती. पस्तीसच्या प्रमाणात ती सतरा सेंटिमीटर होते, बहात्तरच्या प्रमाणात साडेआठ. सिडकोने बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात, जेथे अभ्यासाचे टेबल हेच जेवणाचेही असते, तेथे हा फरक क्षुल्लक नाही. सहा घोड्यांची जोडणी पुढे लावावयाची म्हटले तर पस्तीसच्या प्रमाणात एक सबंध फळी जाते, आणि मातोश्रींच्या काचेच्या बरण्या कोठे ठेवावयाच्या हा नवा प्रश्न उपस्थित होतो.

दुसरी गोष्ट खोक्यावरील चित्राची. चित्र नवे असते, साचा नवा असतोच असे नाही. प्लॅस्टिकच्या किटचा पोलादी साचा दशकानुदशके चालतो. एकाच साच्यातून निघालेली तोफ निरनिराळ्या कंपन्यांच्या खोक्यांतून विकली जाते, आणि जाणकार नसलेला ग्राहक तीच तोफ दोनदा घेऊन बसतो. तेव्हा साचा मूळ कोणाचा व कोणत्या काळातला याची चौकशी आधी करावी, हा अनुभवी मंडळींचा सल्ला रास्तच आहे. रंगाचेही तसेच. फेब्रुवारी १९४३ पर्यंत जर्मन तोफा युरोपात गडद करड्या रंगाच्या असत. त्यानंतर मूळ रंग गडद पिवळा करण्याचा हुकूम निघाला. १९४० च्या फ्रान्समधील मोहिमेचा देखावा उभारून त्यात पिवळी तोफ ठेवणे म्हणजे पानिपतच्या लढाईत बाजीराव दाखविण्यासारखे आहे. ज्या मुलाला हे कळते त्याला इतिहासातील सनावळीचा अर्थ कळू लागला असे समजावे. परीक्षेतील 'गाळलेल्या जागा भरा' या प्रश्नाने जे होत नाही ते रंगाच्या एका डबीने होते.

आता निवडीकडे वळावयाचे. सर्वाधिक मागणी असते ती अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरच्या तोफेला. तिची जवळजवळ पाच मीटरची नळी पस्तीसच्या प्रमाणात चौदा सेंटिमीटर भरते आणि कपाटात ती रुबाबदार दिसते, यात संशय नाही. परंतु ती मुळात मैदानी तोफ नव्हेच. ती विमानविरोधी तोफ. जून १९४१ मध्ये इजिप्तच्या सरहद्दीवरील हलफाया खिंडीत तिने ब्रिटिश रणगाडे टिपले आणि तेव्हापासून तिच्याभोवती दंतकथेचे वलय जमले. प्रत्यक्षात जर्मन पायदळाचा भार वाहिला तो साध्या, दिसावयास ठेंगण्या अशा एकशेपाच मिलिमीटरच्या हॉवित्झरने. युद्धाच्या आरंभी जर्मन पायदळाच्या पूर्ण डिव्हिजनमध्ये अशा छत्तीस हॉवित्झर असत. जवळजवळ पंधरा किलोचा गोळा ती साडेदहा किलोमीटरवर टाकी. म्हणजे वाशीच्या स्थानकापाशी उभी केली तर सारे बेलापूर तिच्या माऱ्यात येते.

आणि ती ओढीत असत घोडे. विजेच्या वेगाने चालून येणारे, सर्वस्वी यांत्रिक असे जर्मन सैन्य ही चित्रपटांनी व खोक्यांवरील चित्रांनी पसरविलेली समजूत आहे. पायदळाच्या एका डिव्हिजनमागे सुमारे पाच हजार घोडे असत आणि तोफखान्याचा बराच भाग अखेरपर्यंत घोड्यांवरच अवलंबून राहिला. पेट्रोल नव्हते, रबर नव्हते, मोटारी पुरेशा नव्हत्या. जे राष्ट्र रशियावर चालून गेले त्याच्या अर्थव्यवस्थेची ही अवस्था होती. एखाद्या विद्यार्थ्याने हॉवित्झर आणि सहा घोडे यांचे किट निवडले, तर युद्धकालीन जर्मनीच्या अर्थकारणावरील एक प्रकरणच त्याने हातांनी जोडले असे म्हणता येईल. पण ते किट महाग, घोड्यांचे पाय चिकटविणे जिकिरीचे आणि दिसावयास ते फारसे 'लष्करी' नाही. साहजिकच खप अठ्ठ्याऐंशीचा.

तोफा जर्मनच का, हा यापुढचा प्रश्न. याचे उत्तर मुलांच्या मनोवृत्तीत शोधण्याआधी साच्याच्या हिशेबात शोधावे. किटमधील पॉलिस्टायरीनची किंमत नगण्य असते. खरा खर्च साचा कापण्याचा. आणि दहा किट काढा वा एक लाख काढा, तो तेवढाच राहतो. म्हणून ज्या तोफेचे एक लाख ग्राहक मिळतील तिचाच साचा कापला जातो. युद्धानंतर हे ग्राहक होते ब्रिटन, अमेरिका, जपान आणि पश्चिम युरोपात. लढाई जिंकलेल्यांच्या मुलांना हरलेल्या शत्रूच्या यंत्रांचे कुतूहल वाटले. शिवाय जर्मनांच्या तोफांचे प्रकार असंख्य, त्यांत जिंकलेल्या देशांतून हस्तगत केलेल्यांची भर, म्हणजे विक्रेत्याला मालिका संपण्याची भीती नाही. एकदा साचे झाले की त्यांवर पुस्तके निघाली, पुस्तकांवरून आणखी साचे निघाले. वाशीतल्या मुलाला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे वाटते. परंतु ज्या यादीतून तो निवडतो ती यादी शिझुओका वा इंग्लंडातील कोणा संचालक मंडळाने त्याच्या जन्मापूर्वी कित्येक वर्षे आधीच तयार केलेली असते. ग्राहक हा बाजाराचा राजा, हे सूत्र पाठ्यपुस्तकात शोभून दिसते. येथे राजा यादीबाहेर पाऊल टाकू शकत नाही.

यात एक गमतीचा, किंबहुना थोडा खेदाचा, भाग आहे. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीच्या अनेक किटांवर गेल्या दशकभरात 'मेड इन इंडिया' अशी अक्षरे आली आहेत. प्लॅस्टिक येथे ओतले जाते, मजूर येथले, वीज येथली. साचा कशाचा कापावयाचा हा निर्णय तेवढा इंग्लंडात होतो. वाशीच्या मागे, तुर्भ्यापासून रबाळ्यापर्यंत, प्लॅस्टिकच्या वस्तू ओतणारे कारखाने आहेत. याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा पेट्रोरसायनांचा कारखाना १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. बादल्या, झाकणे, खुर्च्या, औषधांच्या बाटल्या यांचे साचे येथे कापता येतात. मग तोफेचा साचा कापणे हे काही अवतारकार्य नव्हे. अडचण कौशल्याची नाही, मागणीची आहे.

सरकारने या प्रश्नाकडे पाहिले, पण ते खेळण्यांच्या चष्म्यातून. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील सीमाशुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के. सीमाशुल्काच्या कोष्टकात बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच रकान्यात येतात. त्यामुळे बाहुलीवर जो कर तोच हॉवित्झरवर. हजार रुपयांच्या किटचे केवळ या शुल्कापोटी सतराशे होतात. त्यावर दुसरे कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. तान्ह्या मुलाने तोंडात घालावयाच्या खुळखुळ्याच्या बाबतीत ते योग्यच आहे.

संरक्षक जकातीचे समर्थन नवे नाही. बाल्यावस्थेतील उद्योगाला काही काळ जकातीच्या कुंपणाआड वाढू द्यावे, हा विचार फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील आपल्या व्याख्यानात हिंदी अर्थकारणाची जी मांडणी केली तिच्यावर लिस्टची छाया स्पष्ट आहे. जर्मन तोफेवर बसविलेल्या भारतीय जकातीला आधार एका जर्मनाचाच मिळावा, हा योगायोग मोठा मौजेचा. सरकारचा दावा असा की जकातीचा हेतू साध्य झाला: २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात निम्म्याहून खाली आली आणि निर्यात तिपटीवर गेली. ते मान्य करावयास हरकत नाही. परंतु लिस्ट व रानडे यांच्या युक्तिवादाची पूर्वअट अशी की कुंपणाच्या आत काहीतरी पेरलेले असले पाहिजे. लाकडी खेळणी, ठोकळे, बाहुल्या यांचे उद्योग देशात होते. त्यांना कुंपणाचा लाभ झाला. प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा नाव घेण्याजोगा उद्योग देशात नव्हताच. तेथे जकातीने उगवले काहीही नाही. केवळ छंद महाग झाला आणि तो शिक्षकाच्या मुलाकडून बिल्डरच्या मुलाकडे सरकला. एकाच रकान्याचे दोन रकाने करणे अर्थखात्याला अवघड नाही. ज्याच्या खोक्यावर 'चौदा वर्षांवरील' असे लिहिलेले असते त्या वस्तूस खुळखुळ्याचे नियम लावू नयेत, एवढेच मागणे आहे.

पैशाची बाब येथे सोडावी, कारण खोक्यावर जे छापलेले नसते ते याहून महत्त्वाचे आहे. खोक्यावर तोफ असते, तोफेमागे उभे असलेले सैनिक असतात, पार्श्वभूमीला धूर किंवा वाळवंट असते. तोफेच्या पुढे कोण होते हे चित्रात येत नाही. ते चित्राच्या चौकटीबाहेर असते.

वाशीत राहणाऱ्याला ते ठाऊक असावयास हवे. २० जून १९४२ रोजी सकाळी रोमेलच्या सैन्याने लिबियातील टोब्रुकच्या तटबंदीवर आग्नेय बाजूने हल्ला चढविला. सूर मारणारी विमाने आणि तोफखाना यांनी मिळून त्या टापूवर आग ओतली आणि त्यानंतर रणगाडे आत घुसले. त्या टापूत खंदक धरून बसले होते अकराव्या भारतीय ब्रिगेडमधील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीचे जवान. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आलेली ही मुले. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले. सुमारे तेहेतीस हजार सैनिक कैद झाले आणि त्यांत ही पलटणही गेली. वाळूच्या रंगाची हॉवित्झर, तिच्यामागे उन्हाळी टोपीतले जर्मन गोलंदाज, असा 'आफ्रिका कोअर'चा देखावा वाशीतील एखादा विद्यार्थी मोठ्या प्रेमाने उभारतो, तेव्हा त्या तोफेच्या तोंडासमोर त्याच्याच आजोळचे कोणी असण्याचा संभव पुष्कळ असतो. वाशीच्या बाजार समितीत पोती वाहणारे माथाडी कामगार मोठ्या संख्येने सातारा जिल्ह्यातले. आणि सातारा जिल्ह्यात तर 'मिलिटरी' हे विशेषण नावामागे लावणारे अपशिंगे गाव आहे. पणजोबांचे पदक फडताळात आणि ज्यांच्याविरुद्ध ते मिळाले त्यांची तोफ काचेच्या कपाटात, अशी ही मांडणी आहे. मुलाचा त्यात दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

मुंबई-गोवा रस्त्यावरील माणगावला यशवंत घाडगे यांचे स्मारक आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सारे ठार वा जखमी झाले असता हा नाईक एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, ते त्याने काबीज केले आणि तेथेच तो मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गणपतीला कोकणात जाणाऱ्या वाशीकरांच्या गाड्या माणगावच्या कोंडीत तासन् तास उभ्या असतात. तेवढ्या वेळात ते स्मारक दोनदा पाहून होईल.

तोफ कोणी बनविली हेही खोक्यावर येत नाही. जर्मन तोफांच्या कारखान्यांत क्रुपचे नाव अग्रगण्य. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे अमेरिकन न्यायासनापुढे आल्फ्रेड क्रुप याच्यावर खटला चालला आणि ३१ जुलै १९४८ रोजी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. जिंकलेल्या देशांची लूट आणि परदेशी नागरिक, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदिवान यांना गुलामासारखे राबविणे हे त्याच्यावरील सिद्ध झालेले आरोप. १९५१ मध्ये तो सुटला, मालमत्ताही त्याला परत मिळाली. नळीची लांबी मिलिमीटरपर्यंत तपासणाऱ्या छांदिष्टाने ही माहिती अनावश्यक मानू नये. तोफेचा इतिहास म्हणजे तिच्या नळीचा व्यास नव्हे.

विमानांच्या किटात निदान एक खूण असते. शेपटीवर स्वस्तिक असते आणि जर्मनीत त्या चिन्हाच्या प्रदर्शनास कायद्याने बंदी असल्याने तेथल्या खोक्यांतून ते गाळले जाते. ते का गाळले असा प्रश्न तरी ग्राहकाच्या मनात येतो. मैदानी तोफेवर बहुधा असे कोणतेच चिन्ह नसते. करडे पोलाद आणि दोन चाके. म्हणून ती निरुपद्रवी वाटते, एखाद्या शेतकी अवजारासारखी.

हे निरुपद्रवी वाटणे आपल्याकडे किती सहज होते याचे उदाहरण नवी मुंबईतच घडले. ऑगस्ट २००६ मध्ये खारघरला एक उपाहारगृह उघडले. त्याचे नाव 'हिटलर्स क्रॉस' असे ठेवण्यात आले होते. ज्यू समाजाने निषेध केला, जगभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली आणि काही दिवसांतच नाव बदलले गेले. त्यामागे द्वेष होता असे म्हणण्यापेक्षा अज्ञान होते असे म्हणणे अधिक बरोबर होईल. वाईट एवढेच की खारघरपासून थोड्याच अंतरावर पनवेलला बेथ एल हे बेने इस्रायल समाजाचे जुने प्रार्थनामंदिर आहे. कुलाबा जिल्ह्याच्या गावांवरून आडनावे घेतलेला, तेलाचा घाणा चालविणारा, शनिवारी काम न करणारा म्हणून 'शनिवार तेली' म्हटला गेलेला हा समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. हिटलरच्या राज्यात त्या समाजाच्या धर्मबांधवांचे काय झाले हे ठाऊक नसणे वाशीला, पनवेलला वा खारघरला परवडणारे नाही. लंडन-बर्लिनचा हा दूरचा इतिहास नव्हे. तो शेजारच्या गल्लीतला आहे.

मग या किटांवर बंदी घालावी काय? असे सुचविणारे सज्जन असतात. मुलांच्या हाती युद्धाची खेळणी देऊच नयेत असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हेतूविषयी आदर बाळगूनही ते मान्य करता येत नाही. तीन आठवडे खपून तोफ जोडणारा मुलगा हिंसक बनतो असे मानण्यास आधार नाही. उलट ज्याचे बोट चाकाचा आरा चिकटविताना थरथरू नये म्हणून श्वास रोखते त्याला चिकाटी म्हणजे काय ते कळते. मोबाइलवरील खेळात एका तासात शेकडो माणसे मारली जातात आणि तेथे जोडावे काहीच लागत नाही. बंदीने कपाट रिकामे होईल, डोके भरणार नाही. जर्मन तोफ घ्यावयाची तर जरूर घ्यावी. परंतु अठ्ठ्याऐंशीपेक्षा घोड्यांची हॉवित्झर घ्यावी, कारण ती खोटे कमी बोलते. आणि टोब्रुक नकाशावर कोठे आहे हे आधी पाहावे.

लहान प्रतिकृती घडविणे मराठी माणसाला परके नाही. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरे काय? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहावयास दूरदूरचे लोक येतात. तोफांचा तर येथे तोटाच नाही. विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात तेथे, ओतली गेली. तिचे वजन पंचावन्न टन सांगतात, लांबी साडेचार मीटरच्या आत आणि मुख सिंहाच्या जबड्याचे. पस्तीसच्या प्रमाणात ती तेरा सेंटिमीटरही भरणार नाही, म्हणजे सिडकोच्या घरातही मावेल. जंजिऱ्याची कलालबांगडी आहे. कारगिलच्या १९९९ च्या युद्धात गाजलेली बोफोर्स आहे, आणि भारतीय तोफखान्याचे शिक्षण जेथे चालते ते देवळाली नाशिकला लागून आहे. यांपैकी मलिक-ए-मैदान वा कलालबांगडी यांचे प्लॅस्टिकचे किट वाशीच्या दुकानात मागून पाहावे. दुकानदार मलिक कोण, असे विचारील.

साचा कापावयास मागणी लागते, आणि मागणी निर्माण करण्याचे एक साधन राज्याच्या हाती आहे. शाळांतून कार्यानुभव नावाचा विषय आहे. त्या तासाला कागदी फुले आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरे बनतात, तीही बहुतेक वेळा पालकांच्या हातची. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने पाठ्यपुस्तके स्वस्त केली ती कशाच्या बळावर? खपाची खात्री असल्याने छपाईचा स्थिर खर्च लाखो प्रतींवर पसरला म्हणून. हेच गणित साच्याला लागू पडते. आठवी-नववीच्या कार्यानुभवासाठी वर्षाला एक स्वस्त किट ठरले, मग ती तोफ असो, गलबत असो वा रायगडाचा महादरवाजा, तर रबाळ्याच्या कारखानदाराला साचा कापणे परवडेल. आणि जकातीच्या कुंपणाला आत काहीतरी सांभाळावयास मिळेल. अनुदान लागणार नाही. एक परिपत्रक लागेल, अर्थात तेही आपल्याकडे काही कमी अवघड नसते.

तोवर निवड आहे त्याच यादीतून करावयाची. त्या यादीत एक किट असे आहे की ज्याकडे वाशीतील ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते: ब्रिटिश पंचवीस पौंडी तोफ. टामियाने ती पस्तीसच्या प्रमाणात काढली आहे, एअरफिक्सने शहात्तरच्या. किंमत जर्मन तोफेइतकीच, तुकडे जवळजवळ तितकेच. हीच तोफ भारतीय तोफखान्याने महायुद्धात वापरली आणि १९६५ च्या युद्धातही ती सेवेत होती. २७ मे १९४२ रोजी, टोब्रुक पडण्याच्या काही आठवडे आधी, बीर हकीमच्या आग्नेयेस वाळवंटात दुसरी इंडियन फील्ड रेजिमेंट याच तोफा घेऊन शत्रूच्या रणगाड्यांपुढे उभी होती. तोफा अखेरपर्यंत चालल्या आणि ठाणे पडले; तेथे पराक्रम गाजवून कैद झालेले कुमारमंगलम पुढे १९६६ मध्ये भारताचे सरसेनापती झाले. किटमधील गोलंदाज खोक्यावरील चित्रात ब्रिटिश आहेत. पॅन्ट अर्धी, शर्ट खाकी, डोक्यावर लोखंडी टोप, हे सारे भारतीय गोलंदाजालाही जवळजवळ तसेच लागू पडते. चेहऱ्याला कोणता रंग द्यावा ते सूचनापत्रकात आकड्याने दिलेले असते. तेवढा एक आकडा बदलावा लागतो.